विमानातली ऊब

मला खोली देताना त्यांनी माझं नाव विचारलं नाही. वजन विचारलं.

सत्तरचं दशक निम्मं सरत आलं होतं. मी नाशिकच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागलो होतो आणि राहायला जागा शोधत होतो. घरमालक आधी जागा दाखवतात, नळाला पाणी किती वेळ असतं ते सांगतात आणि मग पूर्ण नाव विचारतात, एवढं महिन्याभरात मला कळलं होतं. पूर्ण नाव सांगितलं की त्यांना आठवतं, जागा कालच कुणाला तरी कबूल केली आहे. अशा चार जागा झाल्या होत्या. पाचवी इंदिरानगरच्या बाजूला होती. तेव्हा तिकडे घरं तुरळक होती, दोन घरांच्या मध्ये सरळ शेत असायचं. दारात एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस उभा होता. अंगात बनियन आणि गळ्याला लोकरीचा मफलर. महिना एप्रिलचा होता.

"वजन किती तुमचं?"

मी नुसता पाहत राहिलो.

"वजन हो. किलोत."

"अठ्ठेचाळीस असेल."

ते आत वळून ओरडले, "अगं, अठ्ठेचाळीस! चारच कमी!" मग मला म्हणाले, "चालेल. मांडीवर दीड वीट घेऊन बसाल ना?"

मी हो म्हणालो. कशाला हो म्हणतो आहे ते मला माहीत नव्हतं, पण घर मिळत होतं. त्या खोलीत मी तेरा वर्षं राहिलो.

माझं आडनाव त्यांना कळलं ते दोन महिन्यांनी, वडिलांनी पाठवलेलं बुकपोस्ट आलं तेव्हा. पोस्टमनकडून घेऊन त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे तुम्हीच का?" मी हो म्हणालो आणि वाट पाहिली. या प्रश्नानंतर काय येतं याची मला सवय होती. ते म्हणाले, "आतला पुठ्ठा चांगला जाड दिसतोय. वाचून झालं की द्याल का? फर्मा कापायला हवाय."

सगळे त्यांना आप्पा म्हणत, मीही म्हणू लागलो. ते मूळचे देवळ्याकडचे. घरी कांद्याची शेती. तरुणपणी शहरात येऊन एका कारखान्यात पत्र्याचं काम शिकले आणि पुढे नोकरी सोडून त्यांनी ही जागा घेतली. दोन खोल्या स्वतःला, एक भाड्याला. मागे एक भली मोठी शेड होती, तिच्या भिंती कांदा साठवायच्या चाळीसारख्या, बांबूच्या पट्ट्यांत बोटभर फटी ठेवून बांधलेल्या. पहिल्या दिवशी मला घर दाखवताना ते म्हणाले, "ही मोरी, हा बंब, हे विमान."

विमान खरंच होतं. दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढं. अंग प्लायवूडचं, पंखांवर कापड ताणून त्याला लाखेसारखा लेप दिलेला, इंजिन कुठल्याशा फ्लाइंग क्लबच्या मोडीतून आणलेलं. नकाशे परदेशातून मागवलेल्या मासिकातले. इंग्रजी त्यांना बेताचंच येत असे, पण नकाशा ते पोथीसारखा वाचत. मी राहायला गेलो तेव्हा विमान जवळजवळ पुरं झालं होतं. राहिलं होतं फक्त ते आतून गरम होणं.

हे मला पुष्कळ दिवस समजलं नाही. अजूनही पुरतं समजलं आहे असं नाही. दिल्लीहून परवानगी आलेली नव्हती. अर्ज मीच इंग्रजीत लिहून देत असे आणि प्रत्येक अर्जाच्या उत्तरात आणखी दोन कागद मागितलेले असत. विमान जमिनीवरून वीतभरही उचललं गेलेलं नव्हतं. गाव नाशिक, जिथे वैशाखात पत्र्याला हात लावता येत नाही. आणि हा माणूस वर्षानुवर्षं एकाच गोष्टीच्या मागे होता, की आत बसलेल्याचे पाय गार पडू नयेत. शेजारी पोस्टात काम करणारे एक गृहस्थ राहत. ते रोज सायकलवर टांग टाकताना विचारत, "काय आप्पा, कधी उडतंय?"

"आधी गरम तर होऊ द्या," आप्पा म्हणत.

"आम्हाला बोलवा हो. आम्ही चुलीवर बसून येतो."

आप्पांना टोमणा लागत नसे. ते मला गंभीरपणे समजावत, "दर हजार फुटाला दोन अंश उतरतं, मास्तर. दहा हजार फुटांवर माघातली पहाट असते, खाली कितीही ऊन असो. उडायचं काय घेऊन बसलात, कावळापण उडतो. आत बसलेल्याचं काय?"

त्यांच्या खिशात कायम तापमापक असे. दुसरा शेडमध्ये, तिसरा कडुनिंबाला टांगलेला. घरी आलेल्या माणसाला ते पाणी विचारण्याआधी "पाय गार आहेत का?" असं विचारत. एकदा शाळेतले आमचे मुख्याध्यापक मला भेटायला आले होते. त्यांनाही हाच प्रश्न. ते बिचारे आपले मोजे चाचपू लागले. चहाचा कप आप्पा आधी गालाला लावत आणि मग तोंडाला. कुणी चिडून बोललं तर ते वाद घालत नसत, म्हणत, "गारठलाय तो. गार माणूस खरं बोलत नाही." हे वाक्य त्यांनी कुठून आणलं होतं कोण जाणे. मी पुस्तकांत राहणारा माणूस, मला वाटायचं याला काही अर्थ असणार. आजवर लागलेला नाही.

गरम करण्याची त्यांची पहिली युक्ती मोरीतल्या बंबावरून सुचलेली होती. बंबात मधल्या नळीत विस्तव असतो आणि तिच्याभोवतीचं पाणी तापतं. इंजिनातून जळलेला धूर ज्या लोखंडी नळीने बाहेर पडतो तिच्याभोवती आप्पांनी पत्र्याचा अंगरखा बसवला. पुढून थंड वारा त्या अंगरख्यात शिरायचा, नळीला लागून तापायचा आणि दुसऱ्या नळीने आत पायाशी यायचा. निदान यायला हवा होता. पहाटे विमान मागच्या मोकळ्या जागेत काढायचं, शेपटी दोरखंडाने कडुनिंबाला बांधायची, इंजिन चालू करायचं आणि आत दोघांनी बसायचं. आप्पा डावीकडे, मी उजवीकडे, मांडीवर दीड वीट, हातात वही. दर मिनिटाला किती अंश ते मी लिहायचं. मी कुणाच्या तरी वजनाचा माणूस म्हणून बसतो आहे हे मला कळत होतं. ते 'कुणी' म्हणजे अक्का, त्यांची बायको, हेही कळलं होतं. पण खुद्द अक्कांना सोडून आप्पा मला का बसवतात, हे विचारायचा धीर झाला नाही.

आकडे वाढत नव्हते. आप्पांना वाटलं ऊब फटींतून निसटते. त्यांनी दारं, खिडक्या, पेडलांच्या भोकांच्या कडा, सगळीकडे गोणपाटाच्या पट्ट्या डांबरात बुडवून ठासल्या. आकडे उलट आणखी उतरले. चार महिने ते फटी शोधत होते. एक दिवस अक्का तांदूळ निवडत शेडच्या दाराशी बसल्या होत्या. ताटावरून नजर न काढता म्हणाल्या, "देवळ्याला चाळ अशी बंद केली असती तर मामंजींनी घराबाहेर काढलं असतं तुम्हाला."

"काय?"

"वारा आत येईल कसा? जायला वाट आहे का त्याला? भरल्या घरात कोण पाहुणा शिरतो?"

आप्पांनी हातातला पान्हा खाली ठेवला. जन्म कांद्याच्या चाळीत गेलेला, शेडसुद्धा चाळीसारखी बांधलेली, आणि तिच्यात उभ्या केलेल्या विमानाला मात्र वारा बाहेर जायला एक भोक नव्हतं. त्याच दिवशी त्यांनी बसायच्या जागेमागे मुठीएवढं भोक पाडलं.

पौषातल्या सकाळी आम्ही परत बसलो. या खेपेला पायांना खरंच ऊब लागली. ती वही माझ्याकडे अजून आहे. सुरुवातीचे आकडे माझ्या नेहमीच्या अक्षरात आहेत. अकरा, चौदा, अठरा, बावीस, चोवीस. मग चोवीस, चोवीस, चोवीस. मला फार बरं वाटत होतं. असं बरं मला क्वचितच वाटलं आहे. आप्पांनी डोकं खिडकीला टेकवलं होतं आणि ते डोळे उघडे ठेवून काही न बघता बसले होते. मला त्याचं हसू आलं.

त्या हसण्याने आम्ही वाचलो. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मला मोठ्याने हसताना त्यांनी तोवर कधी पाहिलं नव्हतं. त्या शेपटीच्या बाजूने धावत आल्या, दार ओढून उघडलं, हात लांब करून बरोबर ते बटण शोधलं आणि इंजिन बंद केलं. ते बटण त्यांना कुणी दाखवलेलं नव्हतं.

"बाहेर निंघा! भाऊ, बाहेर! हाई शेगडीनं शे!"

अक्का नामपूरच्या. घाबरल्या की त्यांच्या तोंडून अहिराणी यायची. हे शेगडीचं आहे, असं त्या ओरडत होत्या. मी गवतावर पडून ओकत होतो आणि त्या आप्पांच्या पाठीवर जोरजोराने थापा मारत होत्या. थोड्या वेळाने, आप्पा डोळे चोळू लागल्यावर, त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या थोरल्या बहिणीला माहेरी बाळंतपणाला आणलं होतं. थंडीचे दिवस. वारा लागू नये म्हणून खोलीच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या आणि खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवली होती, सगळीकडे ठेवतात तशी. सकाळी बहीण आपल्याआपण हसत होती. घरच्यांना वाटलं, बाळ झाल्याचा आनंद. "बहीण वाचली," अक्का म्हणाल्या. बाळाचं नाव त्यांनी काढलं नाही.

धुराच्या नळीला अंगरख्याच्या आत केसाएवढी चीर गेली होती. ऊब येत होती तिच्याबरोबर धूरही येत होता.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी वही मागितली. "चोवीस!" ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका उघडा आनंद होता की मला राग आला. मग त्यांनी पान उलटलं. तिथे आकड्यांच्या रकान्यात मी लिहिलं होतं, हजर, हजर, हजर, गैरहजर. अक्षर माझंच, पण उताराला लागल्यासारखं. त्यांनी शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं.

"गैरहजर कोण, मास्तर?"

मी वही परत घेतली. ते मला अजूनही सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी मी माझ्या खोलीच्या उंबऱ्यात वह्या तपासत बसलो होतो. अक्का शाल आणि पायमोजे घेऊन शेडच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"मी बसते. आत्ता बसते. हे गरम करणं बंद करा."

आप्पा चीर पडलेली नळी कानसत होते. "थंडी वाजेल तुला."

"वाजू द्या."

"नाही."

"अहो, मी स्वतः म्हणतेय ना? शाल घेऊन बसते. लोक जातातच की शाली घेऊन."

"तू तेव्हा म्हणालीस ते मी ऐकलं. आता बदलायचं नाही."

अक्का माझ्याकडे वळल्या. "भाऊ, सांगा यांना काही."

मी काय सांगणार होतो? मला तर ते दोघं कशाबद्दल बोलत आहेत तेही नीट कळत नव्हतं. अक्का आत गेल्या आणि अर्धा तास भांडी घासण्याचा आवाज येत राहिला. मी आप्पांना विचारलं, की त्या तयार आहेत, आणि सगळा खटाटोप त्यांच्यासाठी असेल, तर नाही का म्हणता? त्यांनी कानस थांबवली नाही. "कुडकुडत बसलेल्या माणसाला खाली काय दिसणार, मास्तर? उतरायचं कधी, एवढंच दिसतं."

त्यानंतर धुराच्या नळीला त्यांनी हात लावला नाही. अंगरखा काढून टाकला. म्हणाले, ऊब घ्यायची तर धुराच्या शेजारची नको, तेलाची घ्यायची. इंजिनातलं तेल तापतंच, ते एका नळीने आत फिरवून परत न्यायचं, म्हणजे धुराचा संबंधच नाही. पण तेलाची नळी पायाशी वेटोळं घालून बसवायची तर ती कुठे चेपता कामा नये, गळता तर मुळीच नये. गावातल्या एका म्हाताऱ्या तांबटाने तांब्याच्या नळीत वाळू गच्च भरून ती वाकवून दिली. पहिली गळली. दुसरी आप्पांनीच नापसंत केली, वेटोळ्याची मापं चुकली म्हणून. तिसरी बसली तोवर तांबट वारला होता आणि ती त्याच्या मुलाने केलेली होती. यात किती वर्षं गेली मी मोजली नाहीत. शाळेतल्या कितीतरी तुकड्या माझ्या हाताखालून गेल्या. शेजारचे पोस्टातले गृहस्थ विचारायचे थांबले. दिल्लीला लिहायचं मीही थांबवलं, आणि त्याबद्दल आप्पा कधी बोलले नाहीत.

ऐंशीचं दशक संपता संपता आप्पा गेले. मी तोवर स्वतःच्या घरात राहायला गेलो होतो. तेराव्यानंतर गर्दी कमी झाली तेव्हा अक्कांकडे गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी समोर बसलो. अशा वेळी मला बोलता येत नाही हे त्यांना माहीत होतं. मग त्या आपणहून म्हणाल्या, "भाऊ, लग्नाला चारच वर्षं झाली होती. यांनी कॅलेंडरच्या मागे ते विमान काढलं आणि मला विचारलं, बसशील का. मला तर झोक्यावरसुद्धा भोवळ येते. नाही म्हटलं असतं तर हिरमुसले असते. म्हणून म्हटलं, बसले असते हो, पण वर फार थंडी असते म्हणतात, मला थंडी सोसत नाही. मला वाटलं, संपला विषय."

"मग?"

"मग काय. म्हणाले, एवढंच ना? आणि मापं घ्यायला लागले."

त्या थोडं हसल्या, मग पदराने तोंड पुसलं. "मला थंडीची नाही, विमानाचीच भीती होती हे यांना कधी कळलं असेल का? इतकी वर्षं गेली यांची. मी कधी सांगितलंच नाही. तुम्ही रोज सोबत होतात. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "माहीत नाही, अक्का." ते खरं होतं. पण मला त्या वेळी जी सकाळ आठवत होती, ती मी त्यांना सांगितली नाही. अर्धी तर त्यांना माहीत होती.

मी ते घर सोडलं त्याच्या आदल्या हिवाळ्यातली ती सकाळ. तेलाची नळी बसवून महिना झाला होता. आप्पा एकटेच दहा-बारा वेळा आत बसले होते, मला त्यांनी बसू दिलं नव्हतं. आदल्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "मास्तर, जरा हात द्या. पंख काढायचेत."

"का?"

"कापड ढिलं झालंय."

ढिलं नव्हतं. मी टिचकी मारली तर डफासारखा आवाज आला. त्यांनी तो ऐकला आणि पान्हा माझ्या हातात दिला. पंख मोठाल्या दोन-दोन खिळ्यांवर बसवलेले होते, ते निघाले. आम्ही एकेक पंख उचलून बांबूच्या भिंतीला उभा केला. पंखांशिवाय ते विमान अगदीच बापुडवाणं दिसत होतं, चाकांवरच्या पेटीसारखं. एवढ्या वर्षांनी नेमका आज हा उलटा उद्योग का, ते मला समजेना. वारा सुटेल म्हणून असेल. बाहेर काढायला सोपं जावं म्हणूनही असेल. तशी कारणं मी आजही शोधू शकतो.

सकाळी विमान बाहेर काढलं, शेपटी बांधली. आप्पा दारापाशी जाऊन म्हणाले, "चल. झालं तयार."

अक्का शाल घट्ट लपेटून आल्या. काही अंतरावर थांबल्या. मग विमानाभोवती एक पुरी फेरी मारली. जिथून पंख निघाले होते तिथे हात ठेवला.

"पंख कुठे?"

"दुरुस्तीला काढलेत," आप्पा म्हणाले. "कापड ढिलं होतं."

अक्कांनी भिंतीला टेकलेल्या पंखांकडे पाहिलं आणि पुन्हा आप्पांकडे. मग निऱ्या जरा वर घेतल्या आणि पाय आत टाकला. माझ्या जागेवर त्या बसल्या. आप्पांनी नाकावरचा पंखा हाताने फिरवून इंजिन चालू केलं आणि दुसऱ्या बाजूने आत शिरले. मी दोरखंडाजवळ उभा होतो. प्लास्टिकच्या काचेतून दोघांची डोकी दिसत होती. थोड्या वेळाने अक्का बोलू लागल्या. पुष्कळ बोलत होत्या, हात हलवत, मध्येच थांबत. त्या इंजिनाच्या आवाजात शेजारच्यालाही ऐकू जाणं शक्य नाही, मी तिथे किती वेळा बसलो होतो. तरी आप्पा मान हलवत होते. काय बोलणं चाललं होतं ते मला त्या दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

अर्ध्या तासाने अक्कांनी शाल खांद्यावरून उतरवली. मग कपाळ पुसलं. आप्पांनी लगेच इंजिन बंद केलं.

"उकडलं बाई," उतरताना अक्का म्हणाल्या. आणि दूध तापत ठेवलंय म्हणून घाईने आत गेल्या.

आप्पा तसेच बसून होते. मी त्यांच्या बाजूच्या खिडकीपाशी गेलो. आता मार्ग मोकळा झाला, असं माझ्या मनात होतं. दिल्लीला नवा अर्ज लिहायचा, कुणी वैमानिक शोधायचा. मी विचारलं, "आप्पा, पंख परत कधी बसवायचे?"

तेरा वर्षं मी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहत आलो होतो, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कशाला?" त्यांनी विचारलं.